बॅप्टिस्ट मंत्री कोणत्या खात्याचे?

एका वाचकांनी विचारले आहे : ‘मार्टिन ल्यूथर किंग हे बॅप्टिस्ट मंत्री होते, असे मराठीत ठिकठिकाणी वाचायला मिळते. ते अमेरिकेच्या कोणत्या मंत्रिमंडळात होते? तसे नसेल, तर येथे कोणता शब्द वापरावा?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : कोणत्याही नाही. गंमत अशी की अमेरिकेत केंद्रीय खात्याच्या प्रमुखाला मिनिस्टर म्हणतच नाहीत, सेक्रेटरी म्हणतात. आपली वृत्तपत्रे त्या सेक्रेटरीला मंत्री करतात, ते योग्यच आहे. पण चर्चमध्ये प्रवचन करणाऱ्या मिनिस्टरलाही त्याच झपाट्यात शपथ देऊन मोकळी होतात. यंत्राने केलेले भाषांतर न वाचता चिकटवण्याची ही फळे असून, गेल्या काही वर्षांत ती इतकी पिकली आहेत की चांगल्या लेखकांच्या मजकुरातही सापडू लागली आहेत.

‘मिनिस्टर आणि मंत्री हे दोन्ही शब्द मन् म्हणजे विचार करणे या संस्कृत धातूतूनच निघाले, तेव्हा मंत्री म्हणायला हरकत नाही’, असा निर्वाळा मध्यंतरी एका व्युत्पत्तिकारांनी दिल्याचे ऐकले. म आणि न ही दोन अक्षरे जुळली की सोयरीक जुळली, असे मानणाऱ्या या पद्धतीने उद्या मनुका आणि मानव ही सख्खी भावंडे ठरतील. मंत्री हा मन् धातूपासून, मंत्र या शब्दावाटे आलेला आहे, हे खरे. परंतु मिनिस्टर हा शब्द लॅटिन असून तो ‘मिनुस’ म्हणजे ‘कमी’ या शब्दापासून घडलेला आहे. मिनिस्टर म्हणजे जो कमी तो, धाकला, हाताखालचा, वाढपी, सेवक. त्याच साच्यात ‘मागिस’ म्हणजे ‘अधिक’ या शब्दापासून ‘मागिस्टर’ घडला, आणि हा मागिस्टर इंग्रजी मास्टरमार्गे आपल्या शाळेत मास्तर होऊन बसला, तर पोर्तुगीज मेस्त्रेमार्गे आपल्या बांधकामावर मिस्त्री होऊन उभा राहिला. मागिसचे मूळ आणि संस्कृत ‘महत्’चे मूळ एकच असल्यामुळे आपले मास्तर हे महाराष्ट्रातल्या ‘महा’चे दूरचे नातलग लागतात, मिनिस्टर मात्र व्युत्पत्तीनेच धाकटा राहतो. राजाचा सेवक म्हणून तो पुढे राज्यकारभारात शिरला आणि फुगला. चर्चमध्ये त्याने मूळचा अर्थ सोडला नाही.

हा अर्थ लॅटिन बायबलात एका वाक्यात लखलखीत दिसतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की, तुमच्यामध्ये जो मोठा होऊ पाहतो त्याने तुमचा सेवक व्हावे. तेथे ‘मोठा’साठी मागिसच्याच कुळातला ‘मायोर’ आहे, आणि ‘सेवक’साठी ‘मिनिस्टर’. हत्येच्या बरोबर दोन महिने आधी, 4 फेब्रुवारी 1968 रोजी, किंग यांनी अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचन केले ते याच प्रसंगावर. आपल्या अंत्यविधीत नोबेल पारितोषिकाचा उल्लेख करू नका, इतरांच्या सेवेत आयुष्य देण्याचा याने प्रयत्न केला एवढेच सांगा, असे ते त्यात म्हणाले. त्या प्रवचनाचे ध्वनिमुद्रण त्यांच्या अंत्यविधीत ऐकवण्यात आले. अशा माणसाला आपण मंत्री म्हणतो!

सेवक, पण कोणाचा? येथे शब्दाचा अर्थ राजकारणाला जाऊन भिडतो. बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या परंपरेत मिनिस्टरला वरून कोणी नेमत नाही. मंडळी, म्हणजे त्या चर्चचे सभासद, हीच त्याला निवडते, तीच पगार देते आणि तीच काढू शकते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरातील कृष्णवर्णीय शिक्षक किंवा मोलकरीण गोऱ्या मालकाच्या मर्जीवर जगत होती, मिनिस्टर मात्र कृष्णवर्णीयांच्याच वर्गणीवर जगत होता, आणि सभेसाठी लागणारी इमारतही त्यांच्याच मालकीची होती. म्हणूनच 5 डिसेंबर 1955 च्या संध्याकाळी बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बस-बहिष्काराची पहिली मोठी सभा होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये भरली आणि नेतृत्व किंग या सव्वीस वर्षांच्या मिनिस्टरकडे आले. तो बहिष्कार 381 दिवस टिकला.

धर्म आणि सत्ता एकाच माणसात एकवटल्याची उदाहरणे तेथे आहेतच. हायरम रेव्हल्स हे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे मिनिस्टर 1870 मध्ये मिसिसिपीतून निवडले जाऊन अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. तेव्हा सिनेटरची निवड राज्याचे विधिमंडळ करी, आणि त्या विधिमंडळात त्यांनी केलेल्या आरंभीच्या प्रार्थनेनेच त्यांना ती जागा मिळवून दिली, असे त्यांचे समकालीन नेते जॉन रॉय लिंच यांनी नोंदवले आहे. मंत्र म्हणजे प्रार्थना आणि मंत्र म्हणजे राजकीय खलबत, हे आपल्या शब्दातले दोन्ही अर्थ त्या दिवशी एकत्र आले, असे म्हणण्याचा मोह मला होतो. तरीही रेव्हल्स मंत्री नव्हते.

मूळ प्रश्न राहिलाच. मराठी प्रॉटेस्टंट मंडळींत मिनिस्टर किंवा पास्टर यांना ‘पाळक’ म्हणतात, मराठी बायबलातही तोच शब्द आहे, आणि पास्टर म्हणजे मेंढपाळ हा लॅटिन शब्द ज्या मुळातून आला त्याच मुळाचा आपला ‘पा’ म्हणजे राखणे हा धातू आहे. जेथे मंडळी आहे तेथे पाळक लिहावे. नावाआधी उपाधी हवी असेल तर रेव्हरंड लिहावे, कारण नारायण वामन टिळकांमुळे तो शब्द शंभर वर्षांपूर्वीच मराठीत रुळला आहे. ‘पाद्री’ हा पोर्तुगीजांकडून आलेला कॅथलिक शब्द येथे नको. कृष्णवर्णीयांचे दुसरे नेते माल्कम एक्स यांना मात्र पाळकही म्हणू नये. नेशन ऑफ इस्लाम या त्यांच्या कृष्णवर्णीय मुस्लिम संघटनेत मिनिस्टर ही उपाधी असली तरी ते ख्रिस्ती नव्हते, म्हणून तेथे मिनिस्टर तसाच ठेवून ‘धर्मप्रचारक’ असा खुलासा करावा. आणि जॉर्जियाचे सिनेटर राफाएल वॉर्नॉक हे किंग यांच्याच एबेनेझर चर्चचे पाळक आहेत, हे वाक्य मराठीत असेच पूर्ण होते.