जीएम की बिगर-जीएम? आधी खरेदीदाराची मर्यादा विचारा

प्रश्न: बिगर-जीएम (जनुकीय बदल न केलेल्या) मका आणि सोयाबीनला ग्राहक जादा दर देतात असे ऐकतो. साधे वाण लावावे का? किती जादा मिळाले तर परवडते?

उत्तर: ‘ग्राहक’ हा एकच माणूस धरून हिशेब केला की तो चुकतो. सर्वेक्षणात ‘जीएम नको’ म्हणणारे बरेच जण दुकानात किंमत पाहूनच पिशवी उचलतात. शिवाय कीडरोधक किंवा तणनाशक सहन करणाऱ्या वाणाचा फायदा दिसतो तो शेतकऱ्याला. खाणाऱ्याच्या हाती वेगळे काही पडत नाही, मग त्याने शंका का घेऊ नये? कापल्यावर काळे न पडणारे सफरचंद किंवा तळताना कमी अ‍ॅक्रिलामाइड (जास्त उष्णतेत तयार होणारे, अपायकारक मानले जाणारे रसायन) तयार होणारा बटाटा असेल, तर तोच ग्राहक निदान विचार तरी करतो.

म्हणून माल कशासाठी जाणार ते आधी पाहा. थेट खाण्याच्या धान्याला जादा दर मिळण्याची शक्यता जास्त. पशुखाद्यात ती कमी, कारण युरोपीय संघातही जीएम खाद्यावर वाढलेल्या जनावरांच्या दूध-मांस-अंड्यांवर लेबल सक्तीचे नाही. रिफाइंड तेलात डीएनए जवळजवळ उरतच नाही. तरी युरोपात त्यावर लेबल लागते, जपानमध्ये लागत नाही.

किती सरमिसळ चालते याची मर्यादाही देशागणिक बदलते. मंजूर वाणाची नकळत झालेली सरमिसळ युरोपात प्रत्येक घटकामागे 0.9 टक्क्यापर्यंत लेबलाविना चालते. जपानमध्ये वेगळा हाताळलेला मका-सोयाबीन 5 टक्क्यांपर्यंत सक्तीच्या लेबलातून सुटतो. पण एप्रिल 2023 पासून ‘जीएम नाही’ असे लिहायचे तर चाचणीत अंशही सापडता कामा नये. आयात करणाऱ्या देशात मंजुरीच नसलेला वाण सापडला तर टक्केवारीचा प्रश्नच येत नाही, माल अडकतो. 2009 मध्ये कॅनडाच्या जवसाचे युरोपात हेच झाले.

सरमिसळ होते कुठे? सोयाबीन स्वपरागित आहे, तिथे बहुतेक घोळ पेरणी यंत्र, मळणी यंत्र आणि बारदानात होतो. यंत्र झाडून घ्या आणि मळणीतून निघालेला पहिला माल बाजूला काढा. आधीच्या शेतातले दाणे त्यातच येतात. मक्याचे पराग वाऱ्याने उडतात. जीएम शेतापासून 200 मीटर अंतर ठेवा, नाहीतर तुरे येण्यात 3-4 आठवड्यांचा फरक पडेल अशी पेरणी करा. त्या बाजूच्या कडेच्या ओळी वेगळ्या काढा. बियाण्यातच भेसळ असेल तर पुढची सारी मेहनत वाया, म्हणून चाचणी झालेलेच बियाणे घ्या.

नमुना मूठभर घेऊन भागत नाही. मालात 0.9 टक्के सरमिसळ असेल, तर 95 टक्के खात्रीने निदान एक जीएम दाणा हाती लागायला सुमारे 330 दाणे तपासावे लागतात. 5 टक्क्यांना 60 पुरतात, 0.1 टक्क्याला 3000 लागतात. दाणे पोत्यांच्या तळापासून वरपर्यंत, अनेक ठिकाणांहून काढा. पट्टी-चाचणी ठरावीक प्रथिनच ओळखते; कीडरोधक प्रथिनाच्या पट्टीत तणनाशक-सहनशील वाण दिसत नाही. वादाच्या वेळी पीसीआर (डीएनए शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी) करावी लागते.

परवडण्याचा हिशेब असा: जादा दर गुणिले स्वीकारला गेलेला माल. त्यातून तणनियंत्रण-फवारणीचा वाढीव खर्च, उत्पादनातली घट, वेगळी साठवण आणि चाचणी वजा करा. दहा खेपांपैकी तीन नाकारल्या तर जादा दर सातांवरच मिळतो, खर्च मात्र दहांचा. लेखी मर्यादा आणि चाचणीची पद्धत न देणाऱ्या खरेदीदाराच्या तोंडी दरावर वाण बदलू नका. बियाण्याच्या पिशवीचे लेबल आणि प्रत्येक खेपेचा एक किलो सीलबंद नमुना पैसे हाती येईपर्यंत जपून ठेवा.