कानाखालची गाठ, नाकातले थेंब आणि इतर प्रश्न

नाक आणि लाळग्रंथींबद्दल येणाऱ्या बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी असते. प्रश्न माझ्यापर्यंत येण्याआधी कुणीतरी त्याचं उत्तर देऊन टाकलेलं असतं, आणि त्या उत्तरावर विसंबून काही महिने गेलेले असतात. म्हणून या वेळी तेच ते प्रश्न एकत्र घेते आहे.

प्रश्न : जेवायला बसलं की डाव्या जबड्याखाली गोळा येतो, तासाभरात ओसरतो. दात तपासले, ते चांगले आहेत. मग हे काय असेल?

पहिला संशय लाळेच्या खड्याचा. जेवताना ग्रंथीत लाळ भराभर तयार होते, नळीत खडा अडकलेला असला की ती मागे तुंबते आणि ग्रंथी फुगते. नंतर लाळ हळूहळू झिरपून गेली की सूज उतरते. 10 पैकी साधारण 8 खडे जबड्याखालच्याच ग्रंथीत सापडतात, कारण तिथली लाळ दाट असते आणि नळी लांब, खालून वर चढणारी असते.

सोनोग्राफी करून घ्या. साध्या एक्स-रेमध्ये काही खडे दिसतच नाहीत, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून विषय संपत नाही. लहान खडा भरपूर पाणी, आंबट गोळी चघळणं आणि ग्रंथीवर मागून पुढे हलका मसाज एवढ्यानेही निसटू शकतो. नाही निसटला तर तोंडाच्या आतून छोटी चीर देऊन किंवा नळीत बारीक दुर्बीण घालून काढता येतो. ग्रंथीच काढावी लागणं हा शेवटचा पर्याय. ‘खडा विरघळवणारं’ म्हणून जे विकलं जातं ते घेऊ नका, लाळेचा खडा खात्रीने विरघळवील असं औषध नाही. ताप आला किंवा जिभेखालून पू यायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : घोळणा फुटला की डोकं मागे करायचं ना?

नाही. पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा आणि 10 ते 15 मिनिटं मध्येच सोडून पाहू नका. तरीही रक्त थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर थेट रुग्णालयात जा.

प्रश्न : वडिलांच्या (वय 58) कानाखाली चार वर्षांपासून गाठ आहे. दुखत नाही, अगदी सावकाश वाढते आहे. डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली, पण घरचे म्हणतात सुई टोचली की गाठ पसरते. थांबावं का?

थांबू नका. चार वर्षं हा आधीच फार मोठा काळ झाला.

‘दुखत नाही’ या दोन शब्दांनी माझ्याकडे येणाऱ्या किती माणसांचा वेळ खाल्ला आहे! लाळग्रंथीची साधी गाठ दुखत नाही आणि कर्करोगाची गाठही सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही. वेदना नसणं हा कोणताच पुरावा नव्हे. दिलासा देणारी गोष्ट वेगळी आहे : कानाखालच्या म्हणजे पॅरोटिड ग्रंथीतल्या 100 गाठींपैकी साधारण 80 साध्या निघतात. पण त्यांतली सर्वांत जास्त आढळणारी जी साधी गाठ, तीच वर्षानुवर्षं तशीच राहू दिली तर तिचं कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता वर्षागणिक वाढत जाते. ‘साधीच असेल’ म्हणून थांबणं इथेच अंगाशी येतं.

आता सुईबद्दल. ही तपासणी इंजेक्शनसारख्या बारीक सुईने, बहुतेकदा सोनोग्राफीत पाहत करतात. तिने गाठ पसरते ही भीती निराधार आहे. मग ती आली कुठून? तपासणीनंतर काही आठवड्यांत गाठ वाढलेली दिसते, आणि दोष सुईवर जातो. ती गाठ सुईआधीच वाढत होती, म्हणून तर तपासणी सांगितली होती. वाईट याचं वाटतं की या भीतीने सुई टाळणारी मंडळी ‘वरवर चिरून काढून टाकू’ म्हणणाऱ्याकडे मात्र जातात. धोका तिथे आहे. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते आणि तिच्या फांद्या डोळा, गाल, ओठ यांच्याकडे पसरतात. नस न ओळखता चीर दिली तर तोंड वाकडं होऊ शकतं. शिवाय गाठ नुसती सोलून काढली तर तिचे कण मागे राहतात आणि पुढे एकाऐवजी अनेक गाठी येतात.

तेव्हा सुईची तपासणी, सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरआय आणि मग नस जपत गाठ काढण्याचा अनुभव असलेल्या सर्जनचा सल्ला, असा क्रम ठेवा. गाठ अचानक वाढली, दुखू लागली, त्या बाजूचा डोळा मिटेना किंवा मानेत दुसरी गाठ लागली, तर ठरलेल्या तारखेचीही वाट पाहू नका.

प्रश्न : सहा महिने नाक मोकळं करणारे थेंब घालते आहे. आता त्याशिवाय झोपच लागत नाही.

नाक आता थेंबांमुळेच बंद होतं आहे. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, आणि आपण पुन्हा बाटली उचलतो. हे थेंब पाच दिवसांच्या वर वापरायचे नसतात. बाटलीवर ‘क्षणात आराम’ ठळक छापतात आणि दिवसांची मर्यादा बारीक अक्षरांत, याचा मला खरोखर राग येतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टिरॉइडचा स्प्रे सुरू करून थेंब बंद करता येतात. पहिला आठवडा जड जाईल. स्प्रेचा गुण यायला काही दिवस लागतात, दोन दिवसांत सोडू नका. नाक मुळात का बंद होत होतं, तेही तपासून घ्या.

प्रश्न : नाकातलं हाड वाढलंय असं सांगितलं. एका जाहिरातीत ऑपरेशनशिवाय एका दिवसात बरं करतात म्हणे.

हाड सहसा वाढत नाही. मधला पडदा वाकडा असतो, बाजूच्या मांसल घड्या सुजलेल्या असतात, किंवा पॉलिप, म्हणजे नाकाच्या आतल्या अस्तराची मऊ, लोंबती वाढ, असतो. तिन्हींचे उपचार वेगळे. दुर्बिणीने न पाहता एका दिवसाची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. पॉलिप एकाच बाजूला असेल तर त्याचा तुकडा तपासायला जायलाच हवा.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतो. सर्दीचं औषध चालू ठेवू का?

नको. एकाच बाजूचा, वास येणारा स्राव म्हणजे मुलाने नाकात काहीतरी घातलं आहे असंच धरून चाला. चिमट्याने स्वतः काढायला जाऊ नका, वस्तू आणखी आत सरकते. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. आणि घरातल्या खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी हरवली असेल, तर आजचाही वेळ नाही. ती काही तासांत नाकाचा पडदा जाळून भोक पाडू शकते. हे वाचत असाल तसेच निघा.