एका क्विंटल तुरीची गोष्ट: संचालकांना मांडणी शिकवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ-वाशीमच्या सीमेवरची शेतकरी उत्पादक कंपनी, ४०० सभासद, ७ संचालक. डाळ मिल वाढवायची आहे. महिन्याभरात बँकेपुढे आणि एका घाऊक खरेदीदारापुढे मांडणी आहे, मग वार्षिक सभा. संचालक पडद्यावरचं वाचून दाखवतात आणि ऐकणारे मोबाईल काढतात. दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवावं का, नागपूर-पुण्याहून माणूस बोलवावा का, आणि ‘गोष्टीतून सांगा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

माणूस बोलवायच्या आधी हेच संचालक संध्याकाळी पानठेल्यावर कसे बोलतात ते ऐका. हर्रासाचा (लिलावाचा) किस्सा निघाला की कोणी उठून जात नाही. व्यापाऱ्यानं कट्ट्यात हात घातला, दाणा दाताखाली धरला, तोंड वाकडं केलं आणि भाव पाडला, हे सगळं डोळ्यापुढं उभं राहतं. त्याच माणसाच्या हाती माईक दिला की ‘सदर कंपनीची स्थापना सभासदांच्या सर्वांगीण विकासाकरिता’ सुरू होतं. म्हणजे सांगायची कला त्यांच्यात आहेच. शिकवायचं आहे ते दुसरंच: कोणती गोष्ट सांगायची ती हुडकणं, आणि ती हिशेबाला बांधणं. बाहेरचा शिक्षक आवाज, उभं राहणं, हातवारे शिकवून जाईल. हुडकायचं काम गावातच करावं लागतं.

म्हणून सलग दोन दिवस नकोत. तीन आठवड्यांत चार अर्धे दिवस ठेवा, दुपारी १२ ते ४. सकाळचं वावरातलं काम आणि घरचा स्वयंपाक उरकल्यावरच सगळे, विशेषतः महिला संचालक, निवांत बसतात. सोयाबीनच्या काढणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंतचे महिने टाळा. मधल्या दिवसांत प्रत्येकाला गृहपाठ द्या, कारण खरी मेहनत तिथेच आहे.

पहिला अर्धा दिवस फक्त प्रश्न विचारायला शिकण्याचा. प्रत्येक संचालकानं तीन सभासदांच्या घरी जायचं, परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचा, वीस-पंचवीस मिनिटं बसायचं. ‘कंपनीमुळं काय फायदा झाला?’ हा प्रश्न वर्ज्य. त्याला ‘चांगलं झालं ना भाऊ’ याखेरीज उत्तर येत नाही आणि त्यातून काही हाती लागत नाही. विचारायचं ते असं:

तूर घेऊन निघालात त्या दिवशी घरातून किती वाजता निघालात, बंडी कोणाची होती?
काट्यापाशी कोण उभं होतं, काय बोललं?
कटती (वजनातली कपात) किती धरली, कशापायी?
पैसे हाती आल्यावर पहिले कोणाला दिले?
कंपनीत माल टाकायला घरातून कोणाचा विरोध होता?
‘हे काही जमत नाही’ असं कधी वाटलं?

शेवटचे दोन प्रश्न सोडू नका. विरोध आणि बिघाड नसलेली गोष्ट म्हणजे जाहिरात. ती बँकेचा माणूस लगेच ओळखतो, आणि सभासद तर त्याच्या आधी ओळखतात.

दुसऱ्या अर्ध्या दिवशी प्रत्येकानं आणलेलं पाच कार्डांवर उतरवायचं. वहीच्या पानाचे चार तुकडे केले तरी कार्ड होतात. माणूस कोण, अडलं काय, ठरवलं काय, बिघडलं काय, आज कुठं आहे. एका कार्डावर एकच वाक्य. चौथं कार्ड कोरं राहिलं तर त्या घरी परत जायचं.

आता हिशेब बांधणं. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण गोष्टीचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी इथंच फसतं: गोष्ट वेगळी सांगतात, आकडे वेगळ्या तक्त्यात देतात, आणि दोन्ही सुटे पडतात. त्यावर उपाय म्हणजे कंपनीची सगळी उलाढाल बाजूला ठेवून एकाच क्विंटल तुरीचा पाठलाग करायचा. खालचे आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमचे तुमच्या वहीतून घ्या.

एक क्विंटल तूर ७,००० रुपयांना घेतली. लहान मिलवर ७० किलो डाळ निघाली, १०५ रुपयांनी गेली: ७,३५०. चुरी-कोंडा २५ किलो, २० रुपयांनी: ५००. बाकीचे ५ किलो ओलावा आणि धुळीत गेले. हाती आले ७,८५०. वीज, मजुरी, तेल, पॅकिंग, वाहतूक मिळून ४५० खर्च. उरले ४०० रुपये.

बिघाड असा. पहिल्या खेपेला तूर चाळलीच नाही. रोलरमध्ये बारीक दाणा साल न निघताच सुटला आणि मोठा दाणा घासून तुटला. डाळ ७० ऐवजी ६६ किलो आली. त्या ४ किलोंचे ४२० रुपये गेले, चुरी ४ किलो वाढली तिचे ८० आले. ४०० चे राहिले ६०. मग एका बाईनं घरची मोठी चाळणी आणली, तीन आकारांत तूर वेगळी केली, प्रत्येक आकार वेगळा भरडला आणि डाळ पुन्हा ७० वर आली. पण हातानं दिवसाला ८ क्विंटलच चाळून होते, आणि मिल २० क्विंटल घेते. प्रतवारीचं यंत्र आलं की रोजचे १२ क्विंटल वाढतात. १२ गुणिले ४०० म्हणजे दिवसाला ४,८००. हंगाम ९० दिवसांचा धरला तर ४,३२,०००. हप्ता यातून फिटणार आहे.

पाहा, कर्जाची मागणी गोष्टीच्या पोटातूनच आली, वेगळी चिकटवावी लागली नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची लहान डाळ मिल तुमच्या भागात पुष्कळ ठिकाणी आहे, त्यामुळं ऐकणाऱ्याला चाळणी आणि रोलर समजावत बसायची गरज नाही. बँकेपुढे गोष्ट सांगताना तोंडानं फक्त तीनच आकडे बोला: ४००, ६० आणि ४,३२,०००. बाकीचा हिशेब एका कागदावर छापून हातात द्या. पाचवा-सहावा आकडा आला की लोक पहिला विसरतात.

तिसरा अर्धा दिवस बोलण्याचा. पडदा नाही, माईक नाही, उभं राहणंही नाही. ओट्यावर बसतो तसं बसून तीन मिनिटांत सांगायचं. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, म्हणजे गोष्ट साडेतीनशे शब्दांच्या आत हवी. कागदावर लिहून पाठ करू देऊ नका. लिहायला बसलं की ‘सदर’ परत येतं. पाच कार्डं समोर, बस. सगळ्यांचं झालं की चहा घ्या, तासभर दुसरं काम करा आणि मग प्रत्येकाला शेजाऱ्याची गोष्ट सांगायला लावा. परत सांगताना जे गळलं ते एकतर नको होतं, नाहीतर नीट सांगितलं गेलं नव्हतं. ही कसोटी कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा खरी. ‘छान बोललात’ हा अभिप्राय कोणाच्याच कामाचा नाही.

भाषेबद्दल. वऱ्हाडीची लाज बाळगू देऊ नका. ‘काऊन’, ‘मंग’, ‘लय’ आले तर येऊ द्या, सभासदांच्या सभेत तर तीच भाषा चालते. बँकेचा अधिकारी पुष्कळदा मराठीभाषक नसतो. तिथं मागणीची तीन-चार वाक्यं हिंदीत पक्की करा आणि बाकी सोप्या हिंदी-मराठीत जमेल तसं बोला. इंग्रजी शब्दांची फोडणी घालून वजन वाढत नाही.

क्रम मात्र श्रोत्यावर ठरतो, आणि इथं कीर्तनाचा आराखडा कामाचा आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात विषय मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. बँकेपुढे तसंच करा: ‘प्रतवारीच्या यंत्रासाठी इतकं कर्ज हवं, फेड इतक्या वर्षांत’ हे पहिल्याच मिनिटात, मग क्विंटलची गोष्ट, मग कागद. तिथं मागणी शेवटी ठेवली तर साहेब सगळा वेळ ‘हे मागणार काय’ याचाच अंदाज बांधत बसतात. खरेदीदारापुढे गोष्टीतला माणूस बदलतो: तिथं चाळणी लावणारी बाई आणि ६६ चे ७० होणं महत्त्वाचं, कारण त्याला एकसारखा दाणा, कमी तुकडा आणि वेळेवर माल हवा. सभासदांच्या पैशाचा भाग त्याच्यापुढे दोन वाक्यांत आटपा.

वार्षिक सभेत आख्यान आधी आलं तरी चालतं. तिथं अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांची रीत घ्या. ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. ‘एका क्विंटलाची डाळ किती निघते हो?’ असं विचारा आणि थांबा. कोणी ६०, कोणी ८० म्हणेल. मग तीन पारदर्शक बरण्या पुढे ठेवा: एक किलो तूर, त्यातून निघालेली ७०० ग्रॅम डाळ, २५० ग्रॅम चुरी-कोंडा. मागच्या रांगेपर्यंत फिरवा. कायद्यानं सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश लागते, म्हणजे तुमच्याकडं १००. एवढी माणसं बोलवायची, बसवून ठेवायची आणि शाल-श्रीफळात पाऊण तास घालवायचा, हा त्यांच्या वेळेचा अपमान आहे. सत्कार शेवटी ठेवा. अध्यक्षांना आधीच विश्वासात घेऊन सांगा, नाहीतर ऐनवेळी ऐकत नाहीत.

गोष्टीत मोठेपणा कोणाला मिळतो, याचाही विचार करा. अध्यक्षांनी केलं, अध्यक्षांनी आणलं, अशी गोष्ट सभासदांना आपली वाटत नाही. निर्णय घेणारा कास्तकार किंवा चाळणी आणणारी बाई मधोमध ठेवा. कंपनी तिला उपयोगी पडलेलं अवजार.

आणि एक गोष्ट मी पोटतिडकीनं सांगतो. विदर्भातली मांडणी म्हटली की आत्महत्याग्रस्त घराचा फोटो, रडणारी माय पडद्यावर आणायची सवय लागली आहे. ते करू नका. त्या घराच्या दुःखावर कर्ज मागायचा अधिकार कोणालाच नाही, आणि ऐकणारा दयेपोटी मान हलवतो पण धंद्याचा निर्णय घेत नाही. कुणाचं कर्ज, आजार, घरचं भांडण नावानिशी सांगू नका. ज्याची गोष्ट सांगणार त्याला आधी पूर्ण ऐकवा, नाव-फोटोला त्याचा होकार घ्या. त्यानं नाही म्हटलं तर नाव गाव दोन्ही काढा. दोन-तीन माणसांचं मिळून एक बनावट पात्र करू नका. बँकेचा माणूस गावात चौकशीला येतो, आणि तसा माणूस सापडला नाही की बाकीचे आकडेही खोटे ठरतात.

पडद्यावरच्या पानांचं काम सगळ्यात शेवटी, आणि तेही सहा-सात पानांचं. एका पानावर एक फोटो किंवा एक आकडा. अक्षरं युनिकोडमध्येच टाइप करा; कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत केलेलं पान बँकेच्या संगणकावर उघडलं की सगळी चिन्हांची खिचडी दिसते. पीडीएफ करून पेनड्राइव्हवर आणि मोबाईलवर, दोन्हीकडे ठेवा. टिनाच्या शेडमध्ये भर दुपारी प्रोजेक्टर दिसत नाही. तिथं बाजूच्या गावातून ४ बाय ६ फुटांचा एक फ्लेक्स छापून आणा, त्यावर क्विंटलचा हिशेब मोठ्या अक्षरात.

चौथा अर्धा दिवस रंगीत तालमीचा. लॅपटॉप बंद, वीज गेली असं धरून पूर्ण मांडणी एकदा. दुसऱ्यांदा माईक लावून, तोंडापासून मूठभर अंतरावर धरून. तिसऱ्यांदा मधेच कोणीतरी उठून प्रश्न विचारायचा: तुरीचा भाव ९,००० गेला तर ४०० राहतील का? आर्द्रता जास्त आली तर काय कराल? सभासदानं माल कंपनीऐवजी खेडा खरेदीत (गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला) दिला तर? या तिन्हींची उत्तरं कोण देणार ते नावानं ठरवा, एकानं बोलताना दुसऱ्यानं मधे पडायचं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिल चालवणाऱ्यानं द्यावं, अध्यक्षांनी नव्हे. डाळीचा भाव तुरीमागे किती दिवसांनी हलतो ते त्याच्या वहीत असतं. ती वही त्या दिवशी सोबत न्या.