एकाच नावाच्या प्रसिद्ध व्यक्ती कोणत्या, आणि त्यांच्यात गल्लत होऊ नये म्हणून काय करावे?

अशी नावे पुष्कळ सांगता येतील, परंतु मी ‘विष्णू’ या एकाच नावाविषयी लिहितो, कारण त्यावरून नाशिकमधील आमच्या संगीतवर्गात झालेला वाद अजून मिटलेला नाही.

विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) आणि विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) या दोघा संगीतज्ञांनी स्वतंत्र स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे स्वर चिन्हांनी लिहिण्याच्या पद्धती, सिद्ध केल्या. आमच्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी मुलांना एका बंदिशीच्या प्रती वाटल्या, त्यांच्या माथ्यावर ‘पंडित विष्णूजींची स्वरलिपी’ एवढेच लिहिलेले होते. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार सप्तक, म्हणजे वरची उंच पट्टी, दाखवतो. पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकाचा असतो आणि तार स्वरावर उभी रेघ येते. बंदिश भातखंडे पद्धतीने लिहिलेली होती, आणि माझी एक विद्यार्थिनी पलुस्कर पद्धतीत शिकून आलेली होती. अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, तार षड्जाला (वरच्या ‘सा’ला) पोहोचण्याऐवजी ती खर्जात उतरली, सगळा वर्ग हसला आणि तिने त्या दिवशी पुन्हा तोंड उघडले नाही. तिने मात्र शिकवल्याप्रमाणेच वाचले होते. मी ही गोष्ट त्या शिक्षकांच्या कानावर घातली, तेव्हा ते म्हणाले, “दोघेही विष्णूच ना? एवढे काय मनावर घेता?”

हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणे सामान्य घरांतील मुलांपर्यंत नेले. भातखंडे यांनी वकिली सोडून घराण्यांतील बंदिशी जमवल्या आणि रागांची दहा थाटांत, म्हणजे मूळ स्वरसंचांत, मांडणी केली. ही दोन वेगळी आयुष्यभराची कामे आहेत. नाशिककराने तर ही गल्लत करूच नये, कारण पलुस्करांचे उत्तरायुष्य बरेचसे येथे गेले आणि त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णू यांचा जन्मही १९२१ मध्ये नाशिकलाच झाला.

साहित्यातही हेच नाव दोनदा भेटते. आमचे तात्यासाहेब, म्हणजे विष्णू वामन शिरवाडकर, मूळचे गजानन रंगनाथ. विष्णू सखाराम खांडेकर मूळचे गणेश आत्माराम. दोघेही दत्तक गेल्यावर विष्णू झाले आणि दोघांनाही पुढे ज्ञानपीठ मिळाले, खांडेकरांना १९७४ चे आणि शिरवाडकरांना १९८७ चे. विष्णुशास्त्री पंडित आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्याबाबत तर आडनाव गाळून चालतच नाही, कारण पहिले विधवाविवाहाच्या चळवळीचे पुढारी आणि दुसरे ‘निबंधमाला’कार.

तेव्हा माझा सल्ला असा की नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही लिहावीत, आणि स्वरलिपी असेल तर पद्धतीचे नाव व चिन्हांचा खुलासा पानावरच द्यावा. अर्थात दत्तकविधानामुळे वडिलांचे नावही बदलते, त्यामुळे जुन्या कागदपत्रांत ही खूण पुरी पडेलच असे नाही. आणि कोणती स्वरलिपी श्रेष्ठ, हा माझा मुद्दा नव्हे. ते शिक्षक गळा तयार करण्यात निष्णात आहेत, हेही मी मान्य करतो. परंतु त्या प्रती अजून तशाच वाटल्या जातात, आणि त्यांच्यावर ‘भातखंडे’ हे नाव छापावे ही माझी मागणी कायम आहे.