मुलीच्या तारा जानेवारीत, नवऱ्याचं रूट कॅनॉल आत्ताच

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. कंपनीतून पुढच्या वर्षाचे, म्हणजे २०२६ चे प्लॅन निवडायची मुदत नोव्हेंबरअखेर संपते. कुटुंबासाठी डेंटलचे तीन पर्याय आहेत : मोठा पीपीओ (डॉक्टर आपण निवडायचा, प्लॅनच्या नेटवर्कमधला असेल तर स्वस्त पडतो) महिना ९२ डॉलर, छोटा पीपीओ ४८ डॉलर (सध्या हाच आहे) आणि डीएचएमओ (फक्त ठरलेल्या यादीतले डॉक्टर) ३१ डॉलर. नवऱ्याची एक दाढ रात्री ठणकते. तिला रूट कॅनॉल आणि कॅप सांगितली आहे, नेटवर्कमधल्या डॉक्टरांचा अंदाज १,२०० अधिक १,३०० डॉलर. दुसरी एक दाढ आठ वर्षांपूर्वी पुण्यात काढली, तिथे इम्प्लांट हवं. मुलगी बारा वर्षांची, तिला तारा लावायच्या आहेत, ६,००० डॉलर. नवरा म्हणतो, डिसेंबरमध्ये पुण्याला जातोच आहोत, सगळं तिथेच करू आणि इन्शुरन्स बंद करू. काय करावं?

उत्तर: मोठा पीपीओ घ्या, पण मुलीच्या तारांसाठी घ्या आणि त्या निघाल्या की सोडून द्या. नवऱ्याच्या दातांचा या निवडीशी फारसा संबंध नाही, हे आकडे मांडल्यावर तुम्हालाही दिसेल.

डेंटल इन्शुरन्सला मेडिकलच्या पंक्तीत बसवू नका. मेडिकलमध्ये तुमच्या खर्चाला कमाल मर्यादा असते, त्यापुढचं विमा कंपनी भरते. डेंटलमध्ये उलट आहे, मर्यादा विमा कंपनीच्या खिशाला असते. तुमच्या छोट्या प्लॅनमध्ये ती माणशी वर्षाला १,००० डॉलर आहे, मोठ्यात २,०००. म्हणून इथे ‘काही अघटित घडलं तर’ असा विचार करून हप्ता भरण्यात अर्थ नाही. येत्या दोन वर्षांत जो खर्च नक्की होणार आहे, तेवढाच धरून हिशेब करायचा.

मोठ्या आणि छोट्या प्लॅनच्या हप्त्यात वर्षाला ५२८ डॉलरचा फरक पडतो, दोन वर्षांत १,०५६. मोठा प्लॅन तारांचा निम्मा खर्च देतो, आयुष्यात एकदा २,००० डॉलरपर्यंत. छोटा काहीच देत नाही. म्हणजे केवळ तारांवर तुम्ही साडेनऊशेच्या आसपास फायद्यात राहता. मात्र हे २,००० एकरकमी येत नाहीत, उपचार चालू असेपर्यंत थोडे थोडे येतात. मध्येच प्लॅन बदललात तर उरलेले मिळणार नाहीत. म्हणून दोन वर्षं म्हणतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑर्थोडॉन्टिस्ट कदाचित म्हणेल, डिसेंबरमध्येच सुरुवात करू, सवलत देतो. नको म्हणा. प्लॅन लागू व्हायच्या आधी तारा बसल्या, तर बरेच प्लॅन तो उपचार जुना धरतात आणि पैसे नाकारतात किंवा कापतात. मुलीला जानेवारीपर्यंत थांबवा. आणि तारांसाठी वेटिंग पीरियड (प्लॅन सुरू झाल्यावर पैसे मिळायला थांबावं लागतं तो काळ) आहे का, हे एचआरकडून आजच लेखी विचारून घ्या. तो बारा महिन्यांचा असेल तर वरचं गणित फिरतं, मग मला पुन्हा लिहा.

नवऱ्याला मात्र थांबवू नका. छोट्या प्लॅनमध्ये रूट कॅनॉलला ५० टक्के मिळतात, मोठ्यात ८०. ५० डॉलरचं डिडक्टिबल (आधी आपण भरायची रक्कम) वजा करून रूट कॅनॉल आत्ता केलं तर विमा कंपनी ५७५ देईल. क्लीनिंगला गेलेले ३०० धरले तरी यंदाच्या मर्यादेत ते बसतात. जानेवारीत मोठ्या प्लॅनखाली कॅपचे ५० टक्के, नवं डिडक्टिबल जाऊन, ६२५. एकूण १,२००. दोन्ही कामं मोठ्या प्लॅनखाली जानेवारीत केली असती तर १,५७० मिळाले असते. हे ३७० डॉलर मी सोडून देईन. ठणकणारी, आत जंतुसंसर्ग असलेली दाढ घेऊन दीड महिना काढायचा आणि वर पुण्याचा विमानप्रवास करायचा, हे मला अजिबात पटत नाही. सूज वाढून इमर्जन्सीत जावं लागलं तर ३७० कुठल्या कुठे जातील. फक्त कॅप फार लांबवू नका, तोवर दाढेवर नीट भरण राहील असं डॉक्टरांना सांगा.

पुण्याचं म्हणाल, तर इम्प्लांटपुरता नवरा बरोबर आहे. दाढ प्लॅनच्या आधीच काढलेली असल्याने बहुतेक प्लॅनमध्ये ‘मिसिंग टूथ’चं कलम आडवं येतं, पैसे मिळत नाहीत. पण एका सुट्टीत काम होणार नाही. हाडात बसवलेला स्क्रू पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, त्यानंतर वरचा दात. या डिसेंबरात स्क्रू, पुढच्या फेरीत दात, असं धरा. स्क्रूची कंपनी, साइझ आणि स्टिकर फाइलमध्ये मागून घ्या. पुढे एडिसनच्या डॉक्टरांना त्यात हात घालायचा झाला तर त्याशिवाय अडतं. तुमचं एचएसए (आरोग्यखर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) असेल तर पुण्यातलं बिल त्यातून देता येतं, पावती जपा. घरच्यांना भेटायला गेल्याचं तिकीट मात्र त्यात घालू नका. तारांसाठी पुणं सुचवू नका, दर चार-सहा आठवड्यांनी जावं लागतं.

डीएचएमओ मी बाजूला ठेवला, कारण तुमची ऑर्थोडॉन्टिस्ट त्या यादीत नसेल तर स्वस्त हप्त्याचा उपयोग नाही. यादी एकदा बघून घ्या. दर फारच जड वाटले तर नेवार्कला रटगर्सचं डेंटल स्कूल आहे. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, खर्च कमी येतो, फेऱ्या जास्त होतात.

तुमच्याकडे एचएसए असेल तर नोकरीच्या कंपनीत ‘लिमिटेड पर्पज’ एफएसए (पगारातून कर कापण्याआधी पैसे बाजूला ठेवायचं खातं) आहे का तेही विचारा. तो दात आणि डोळ्यांपुरता असतो, २०२६ साठी मर्यादा ३,४०० डॉलर. कॅपमधला तुमचा ६७५ चा वाटा आणि तारांची पहिल्या वर्षाची रक्कम मिळून साधारण ३,००० होतात, तेवढेच ठेवा. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर धरून नऊशेच्या घरात कर वाचतो. न्यू जर्सी राज्याचा कर मात्र वाचत नाही. वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, त्यामुळे तारांचं डाउन पेमेंट जानेवारीतच त्यातून जाईल. आत्ताच्या रूट कॅनॉलचे ६२५ त्यात बसणार नाहीत, ते एचएसएमधून द्या.