उत्तरेच्या गॅलरीतही पानं का करपतात?

प्रश्न : आमची गॅलरी उत्तरेकडे आहे. हिवाळ्यात तिथे उन्हाचा कवडसाही येत नाही, म्हणून फर्न आणि अँथुरियम तिथेच ठेवले. तरी मे महिन्यात पानांवर पांढरट, कागदासारखे चट्टे पडले. पाणी तर रोज घालतो. (वाचक, नागपूर)

उत्तर : जागा हिवाळ्यात पाहून ठरवली, तिथेच गफलत झाली. नागपुरात 26 मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि मग जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीलासुद्धा किंचित उत्तरेकडेच असतो. मावळतो तोही पश्चिमेच्या वीसेक अंश उत्तरेला. त्यामुळे साडेतीननंतरचं तिरपं ऊन गॅलरीच्या पश्चिम टोकातून आत शिरतं. हवा त्याच वेळी सर्वांत तापलेली असते.

आधी खात्री करून घ्या. चट्टे फक्त सूर्याकडच्या पानांवर असतील तर ते उन्हाचेच. सगळ्या पानांच्या कडा आणि शेंडे तपकिरी झाले असतील, तर मुळांना पाणी पुरत नाही किंवा मातीत क्षार साठलेत. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांत ओतण्याची सवय असेल तर ती मोडा; बाष्पीभवनामुळे त्यात क्षार दाटलेले असतात. पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळी दिसली, तर ती लाल कोळी नावाची कीड.

उपाय डोक्यावर नको, पश्चिम टोकाला आडवा हवा. 75 टक्के सावलीची शेडनेट घ्या. कडा दुमडून शिवून घ्या, नाहीतर पहिल्याच वावटळीत फाटते. वर नायलॉन दोरीने बांधा, खालच्या कडेत बांबू किंवा पाइप ओवा, म्हणजे संध्याकाळी गुंडाळता येईल. झाडं आणि जाळी यांत किमान सहा इंच अंतर ठेवा. गरम झळाही याच पडद्याने अडतात. वाळ्याचा पडदा याहून सरस. ओला ठेवला की हवेत गारवाही राहतो. पण तो दिवसभर शिंपत बसायची तयारी हवी.

प्रश्न : गच्चीवर चार फुटांवर हिरवी जाळी ताणली. मोगऱ्याला कळ्याच नाहीत आणि उंच झाडांचे शेंडे तरीही जळले. (वाचक, पुणे)

उत्तर : मोगरा बाहेर काढा. त्याला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. बोगनवेल आणि अडेनियमचंही तसंच. शेंडे जळले ते जाळीला टेकल्यामुळे: तापलेली जाळी पानांना चटका देते आणि खाली कोंडलेली गरम हवा भर घालते. जाळी सात-आठ फुटांवर न्या, उत्तर आणि पूर्व बाजू मोकळ्या सोडा. भाजीपाल्याला 50 टक्के पुरते. 90 टक्के घेतलीत तर मिरची-टोमॅटो नुसतेच उंच वाढतील.

जाळीइतकीच काळजी कुंड्यांची घ्या. काळी प्लॅस्टिकची कुंडी पश्चिमेकडून तापते आणि त्या बाजूची मुळं मरतात. बाहेरून पांढरा रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा, खाली विटा ठेवून कुंडी स्लॅबपासून उचला. मातीवर दोन इंच पाचोळा पसरा, मात्र खोडाला चिकटू देऊ नका. पाणी सकाळी सातच्या आत घाला. गच्चीवर पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देईल इतकं गरम असतं, ते आधी बादलीत सोडा.

पावसाळ्यात जाळी काढाल तेव्हा ढगाळ दिवस बघून काढा. दोन-तीन महिने सावलीत वाढलेलं पान जूनमधल्या एका उघडीपीतही करपतं.

प्रश्न : करपलेली पानं कापून टाकावी का? खत द्यावं का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चट्टा पुन्हा हिरवा होत नाही, तरी पान लगेच कापू नका. त्याचा उरलेला हिरवा भाग अन्न बनवतो आणि खालच्या कोवळ्या पानांवर सावली धरतो. नवी दोन-तीन पानं पूर्ण उघडली की मग कापा. तोवर खत अजिबात नको, युरिया तर नाहीच.