दारात चेमटलेल्या अंगठ्याचं नख जाड झालंय, घरी काय करता येईल?

अंगठा गाडीच्या दारात चेमटला, काळं पडलेलं नख गळून गेलं आणि नवीन आलं ते जाड, पिवळट, खडबडीत. ओढणीचे धागे त्यात अडकतात, असं तुम्ही लिहिलंय. मेडिकलवाल्याने दिलेलं बुरशीचं मलम लावू का, हाही प्रश्न आहे. मी पोळीभाजी केंद्र चालवते. आमच्या सगळ्यांचे हात दिवसभर पाण्यात आणि कणकेत असतात, त्यामुळे नखांची दुखणी मी बरीच जवळून पाहिली आहेत.

मलम आधी बाजूला ठेवा. जाड झालेलं प्रत्येक नख बुरशीचं नसतं. नख तयार होतं मुळाशी, कातडीखाली. तिथे मार बसला की पुढे येणारं नख थरावर थर चढल्यासारखं येतं. सोरायसिस या त्वचारोगातही असं होतं. आणि बुरशी असलीच, तरी साधं मलम एवढ्या जाड नखातून आत जात नाही.

घरी करण्यासारखं मुख्य काम म्हणजे नख पातळ ठेवणं. कोमट पाण्यात दहा मिनिटं बोट बुडवा, पुसून कोरडं करा आणि नेल फाइल वरच्या पृष्ठभागावरून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा. खाली कागद धरा, पांढरी भुकटी पडेल. नख गरम लागलं किंवा खाली हुळहुळलं की तिथेच थांबा. आठवड्यातून एकदा पुरे. ती फाइल फक्त त्या नखासाठी, घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका.

नख फारच टणक असेल तर ४० टक्के युरियाचं क्रीम मिळतं. भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावायचं, क्रीम फक्त नखावर, वरून चिकटपट्टी, आणि रात्रभर तसंच. काही दिवसांत वरचा थर ओल्या खडूसारखा मऊ होतो आणि सहज खरवडला जातो. आग झाली तर लगेच धुऊन टाका.

बाकी नख कोरडं ठेवा. भांडी घासताना रबरी हातमोजे, आत सुती मोजे. नुसत्या रबरात घामाने उलट जास्त ओल राहते. कणीक मळल्यावर नखाखाली अडकलेलं पीठ मऊ ब्रशने काढा, टाचणीने कोरू नका, त्याने नख आणखी उचललं जातं. मुळाशी असलेली पातळ कातडी कापायची नाही. ती गेली की पाणी आत शिरतं आणि नखुरडं होतं. खोबरेल तेल खुशाल लावा, पण बुरशी त्याने जात नाही. ठेचलेला लसूण मात्र बांधू नका, कातडी चक्क भाजते.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला ६ महिने लागतात. म्हणून मुळाशी नवीन येणारी पट्टी कशी आहे ते बघा. तीही जाडच येत असेल तर मुळाला कायमची इजा झालेली असू शकते. मग हे घासणं नेहमीचंच करावं लागेल, पण नख निदान अडकणार तरी नाही.

मधुमेह असेल, बोट ठणकत असेल, पू दिसत असेल तर घरी काहीच करत बसू नका. साकळलेल्या रक्ताचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो. मुळापासून निघालेली काळी रेघ तशीच राहिली, रुंदावली किंवा कातडीवर उतरली, तर ताबडतोब त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, क्वचित तो कर्करोगही असतो.

बुरशीची शंका असेल तर गोळी सुरू करण्याआधी नखाचा तुकडा तपासून घ्या. टर्बिनाफिन ही बुरशीवरची गोळी हाताच्या नखाला सहसा ६ आठवडे घ्यावी लागते, तिचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. तपासणीला जाताना नेलपॉलिश काढून जा आणि आधीचे काही दिवस नख कापू नका, त्यांना पुरेसा तुकडा मिळायला हवा.